चापुंगू: शेपूट नसलेला गरुड आणि पूर्वजांचा निरोप

झिम्बाब्वेची मॅच कधी बघितली असेल तर त्यांच्या झेंड्यावरचा तो पिवळा पक्षी डोळ्यासमोर असेलच, लाल चांदणीवर बसलेला, मान ताठ, उडायचं काही लक्षण नाही. दगडासारखा दिसतो आणि आहेच दगडाचा, म्हणजे एका जुन्या दगडी मूर्तीवरून ते चित्र घेतलंय. आता हा पक्षी नक्की कुठला असं विचारलं की दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते मासेमार गरुड, दुसरी म्हणते बॅटेलर गरुड. तिथल्या शोना लोकांच्या भाषेत पहिल्याचं नाव हुंग्वे आणि दुसऱ्याचं चापुंगू. मूर्तीकडे पुढे येतोच, पण त्याआधी मला चापुंगूबद्दल नीट सांगायचंय, कारण इंटरनेटवर "शोना संस्कृतीत चापुंगू पवित्र मानला जातो" एवढं एक वाक्य सगळीकडे चिकटवलेलं सापडतं आणि त्यातून काहीच कळत नाही. पवित्र म्हणजे काय? देऊळ आहे का त्याचं? नैवेद्य दाखवतात का? तर तसलं काही नाही. चापुंगूची कोणी पूजा करत नाही. तो कसा उडतो, कुठे घिरट्या घालतो, हे बघतात आणि त्यातून काय सांगायचंय त्याला ते ओळखायचा प्रयत्न करतात. सगळा मामला त्याच्या उडण्यात आहे.

म्हणून आधी पक्षीच बघू.

चापुंगू लांबून घारीएवढाच वाटेल, पण घारीपेक्षा दुप्पट-तिप्पट वजनाचा, साधारण २ ते ३ किलो, आणि पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत १६० ते १९० सेंटीमीटर. अंग काळं, पाठ विटकरी, पंखाखाली पांढरं, आणि तोंड आणि पाय भडक लाल, म्हणजे कुंकवात बुडवून काढल्यासारखे. आणि शेपूट? शेपूट जवळजवळ नाहीच. इतकी आखूड की उडताना पाय शेपटीच्या मागे बाहेर डोकावतात. त्याच्या शास्त्रीय नावातच "बिनशेपटीचा" अशा अर्थाचा शब्द आहे, ते नाव १८०० साली पडलं. पण बॅटेलर हे नाव दिलं लेव्हायां नावाच्या एका फ्रेंच माणसाने, तो १७८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पक्षी गोळा करत हिंडत होता. फ्रेंचमधे बॅटेलर म्हणजे रस्त्यावर कसरती करून दाखवणारा, आपल्या भाषेत सांगायचं तर डोंबारी. दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातातली काठी कशी एकदा इकडे एकदा तिकडे झुकवते, अगदी तसाच हा पक्षी हवेत डावी-उजवीकडे झुलत जातो. कारण साधं आहे, पक्ष्याला शेपूट सुकाणूसारखी लागते, ती याला नावापुरती, मग वळायला आणि तोल सांभाळायला सगळं काम पंखांनी. पंख फारसे हलवत नाही, नुसता तिरपा होतो, सरळ होतो, परत तिरपा होतो, आणि हे दिवसाचे कित्येक तास चालू.

दुसरी गोष्ट म्हणजे तो बऱ्यापैकी खालून उडतो. गिधाडं उंच ठिपक्यासारखी दिसतात, हा झाडांच्या थोडा वरून मैलोन्‌मैल फिरत असतो, साप, उंदीर, छोटे पक्षी धरतो, मेलेलं जनावरही खातो, आणि खाली उडत असल्यामुळे मेलेलं काही दिसलं तर बऱ्याचदा गिधाडांच्याही आधी याला दिसतं. म्हणजे गावातल्या माणसाच्या बाजूने विचार करा, शेतात काम करताना मान वर केली की हा दिसतो, त्याचं लाल तोंडही दिसतं, आणि तो असा झुलतोय की जणू काहीतरी सांगतोय. (नात्यातला म्हणाल तर आपल्या सह्याद्रीत दिसणारा तुरेवाला सर्पगरुड याच्या भावकीतला धरतात, साप खाणाऱ्या गरुडांचा गट आहे तो. दिसायला मात्र काडीचं साम्य नाही.)

आता निरोपाचा भाग. हा समजायला शोना लोकांची पूर्वजांबद्दलची कल्पना थोडी समजून घ्यावी लागते, आणि इथेच बहुतेक लेख घसरतात, "ॲनिमिझम" (झाडं, प्राणी, दगड सगळ्यांत आत्मा मानणं) वगैरे एक शब्द फेकून मोकळे होतात.

शोना म्हणजे काही एक छोटी जमात नाहीये, झिम्बाब्वेतले निम्म्याहून बरेच जास्त लोक शोना आहेत, त्यात कारांगा, झेझुरू, मन्यिका, कोरेकोरे असे पोटभाग, आणि शेजारच्या मोझांबिकमधेही ते आहेत. आज त्यांच्यातले पुष्कळ जण चर्चला जातात हेही लक्षात ठेवा, म्हणजे मी पुढे जे सांगतोय ते सगळे सगळं मानतात असं नाही, आपल्याकडे तरी कुठे असतं तसं. तर परंपरेप्रमाणे सगळ्यात वर म्वारी, सृष्टीचा कर्ता. पण म्वारीकडे माझी गाय आजारी आहे म्हणून कोणी जात नाही, ते म्हणजे गल्लीतला नळ आला नाही म्हणून थेट मंत्रालय गाठण्यासारखं झालं. घरातल्या अडचणींसाठी घरातले पूर्वज, त्यांना मुदझिमू म्हणतात, अनेकवचनी वादझिमू. आजोबा, पणजोबा, पणजी, गेलेले पण लक्ष ठेवून असलेले. माणूस गेल्यावर साधारण वर्षभराने एक विधी करून त्याला घरी परत आणतात, तोपर्यंत तो भटकत असतो असं मानतात, आणि एकदा आणला की तो घराचा राखणदार होतो. भूत नव्हे. भूत आणि मुदझिमू यात शोना माणूस जेवढा फरक करेल तेवढाच आपण पितर आणि खवीस यात करतो.

याच्या वर आणखी एक पायरी आहे, ती महत्त्वाची. एखाद्या घराचा मुदझिमू घर सांभाळतो, पण जुना राजा किंवा मुखिया गेला तर त्याचा आत्मा अख्खा मुलूख सांभाळतो, जमीन आणि पाऊस त्याच्या हातात. त्याला म्हणतात म्होंदोरो. या शब्दाचा अर्थच सिंह, कारण अंगात यायला माणूस मिळेपर्यंत तो आत्मा रानात सिंहाच्या रूपात राहतो अशी समजूत. ज्या माणसाच्या, किंवा बाईच्या, अंगात म्होंदोरो येतो त्या व्यक्तीला स्विकिरो म्हणतात. रात्रभर बिरा नावाचा कार्यक्रम चालतो, म्बिरा वाजत असते, म्हणजे लाकडी पाटीवर लोखंडी पट्ट्या बसवलेलं, अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य, हाताने गाळलेली बिअर असते, आणि पहाटेच्या सुमाराला स्विकिरोच्या तोंडून पूर्वज बोलायला लागतो. आपल्याकडचं जागरण-गोंधळ बघितलेल्या माणसाला हे फार परकं वाटायचं कारण नाही.

म्हणजे पूर्वजांकडून बातमी येण्याचे ठरलेले मार्ग आहेत, स्वप्न आहे, अंगात येणं आहे, आणि पक्षी आहे. चापुंगू या तिसऱ्या मार्गावर. तो आभाळ आणि जमीन याच्यामधे फिरतो, तिकडचं इकडे आणतो. घरावर किंवा रस्त्याने चाललेल्या माणसांवर चापुंगू घिरट्या घालू लागला तर वडीलधाऱ्यांचं लक्ष आहे, राखण आहे, काहीतरी चांगलं होणार. दोन चापुंगू हवेत भांडताना दिसले तर सावध व्हा, पुढे धोका आहे. आणि त्याला मारायचं नाही, मारलं तर मारणाऱ्याचं भलं होत नाही. पिंडाला कावळा शिवतो की नाही याकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात ना दहाव्याला, ती नजर आठवा. कावळ्याची कोणी पूजा करत नाही तेव्हा, पण त्याच्या एका उडीवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. फरक एवढाच की आपण कावळ्याला बोलावतो, वाट बघतो, चापुंगूला कोणी बोलवत नाही, तो त्याच्या मर्जीने येतो.

हाच पक्षी का, दुसरा का नाही, याचं उत्तर कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मला वाटतं ते त्या झुलण्यातच आहे. सरळ रेषेत उडणाऱ्या पक्ष्यात वाचण्यासारखं काय असतं? तो गेला, संपलं. हा मात्र सतत इकडून तिकडे कलतो, परत फिरतो, त्याच त्याच वाटेने जातो, त्यामुळे "आज असा का वळला" हा प्रश्न पडायला जागा राहते. आणि रंगही बघा, पूर्वजांच्या आणि पावसाच्या विधींमधे काळा आणि पांढरा कपडा पुन्हा पुन्हा येतो, काळा म्हणजे भरून आलेला ढग, आणि हा पक्षी अंगाने काळा, पंखाखाली पांढरा. हा माझा आपला तर्क, पटला तर घ्या.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, तो म्हणजे हुंग्वे आणि चापुंगू यांची सरमिसळ. शोना समाजात प्रत्येकाला मुतुपो असतो, बापाकडून येणारं कुळचिन्ह. कोणाचा शुंबा म्हणजे सिंह, कोणाचा सोको म्हणजे माकड, कोणाचा न्झोऊ म्हणजे हत्ती, कोणाचा मोयो म्हणजे चक्क काळीज, आणि कोणाचा हुंग्वे, मासेमार गरुड. ज्याचा जो मुतुपो त्याने तो प्राणी खायचा नाही, आणि एकाच मुतुपोच्या मुलामुलींनी आपसात लग्न करायचं नाही. हे आपल्या देवकासारखंच आहे, एक देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, कुणाचं देवक कळंब, कुणाचं पंचपालवी, कुणाचं मोराचं पीस. तर हुंग्वे हा त्या कुळाचा आप्त आहे, अनोळखी माणूस भेटला आणि त्याचा मुतुपो हुंग्वे निघाला की त्याला आदराने "हुंग्वे" म्हणूनच हाक मारतात. चापुंगू साधारणपणे असा एका कुळाला बांधलेला नाही. हुंग्वे आडनावासारखा समजा, चापुंगू पोस्टमनसारखा, तो कुणाच्याही दारात येऊ शकतो. हे दोन वेगळे कप्पे आहेत हे कळलं की अर्धे वाद तिथेच मिटतात. (मासेमार गरुडाचा चुलतभाऊ आपल्या कोकण किनाऱ्यावर आहे, वेळास-आंजर्ल्याकडे उंच झाडांवर मोठाली घरटी करणारा समुद्रगरुड तो.)

आता सगळ्यात रंगतदार भाग, युद्धाचा.

१८९० मधे सेसिल ऱ्होड्स या इंग्रज धनाढ्याच्या कंपनीचे गोरे लोक या मुलखात घुसले, जमीन घेतली, गुरं घेतली, झोपडीमागे कर लावला. १८९६ ला लोक उठले. त्या उठावाला शोना भाषेत चिमुरेंगा म्हणतात. त्यात पुढे होत्या नेहांडा, म्हणजे नेहांडा या म्होंदोरोच्या स्विकिरो, त्या बाईंचं स्वतःचं नाव चार्वे. २७ एप्रिल १८९८ ला त्यांना फाशी दिलं. "माझी हाडं पुन्हा उठतील" असं त्या म्हणाल्या अशी आठवण लोकांनी जपली, आणि पाऊणशे वर्षांनी, १९७० च्या सुमारास, मोझांबिकच्या बाजूने झांबेझी नदीच्या खोऱ्यात उतरणारे गनिमी लढवय्ये स्वतःला ती उठलेली हाडंच समजत होते. ही दुसरी चिमुरेंगा. हे पोरं बहुतेक विशीतले, काही शाळेतून पळून आलेले, ट्रेनिंग समाजवादी देशांच्या धर्तीवरचं, वर्गलढा वगैरे पाठ, आणि खोऱ्यात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथली म्हातारी माणसं पुस्तकातल्या कोणालाही ओळखत नाहीत, ती म्होंदोरोला विचारल्याशिवाय भाकरीसुद्धा देणार नाहीत. मग हे स्विकिरोंकडे गेले. त्यांनी लढाईच्या विभागांना नावं दिली नेहांडा, चामिनुका, म्हणजे जुन्या थोर आत्म्यांची. नेहांडाच्या त्या काळातल्या वयोवृद्ध स्विकिरोंना त्यांनी सीमेपलीकडे सुरक्षित जागी नेऊन ठेवलं, तिथेच १९७३ ला त्या वारल्या.

स्विकिरोंनी लढवय्यांना नियम घालून दिले, बायकांपासून लांब राहायचं, अमुक खायचं नाही, रानातल्या प्राण्यांना उगाच मारायचं नाही, आणि आभाळाकडे लक्ष ठेवायचं. चापुंगू तिथे आला. तुकडी चालली असताना वर चापुंगू शांत घिरट्या घालतोय, वाट मोकळी आहे. चापुंगू एकमेकांशी भिडले किंवा वेडंवाकडं उडायला लागले, पांगा, लपा, विमानं येतायत. युद्ध संपल्या संपल्या त्या खोऱ्यात जाऊन राहिलेल्या अभ्यासकांना हे जुन्या लढवय्यांनी स्वतः सांगितलंय, अंधश्रद्धा म्हणून नव्हे, कसे वाचलो ते सांगताना. ऱ्होडेशियन सैन्याची (गोऱ्यांच्या राज्यात या देशाचं नाव ऱ्होडेशिया होतं) मुख्य ताकद तेव्हा हेलिकॉप्टर होती, माग लागला की हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून वेढा घालायचे, त्यामुळे हवेतून येणाऱ्या धोक्याची दोन मिनिटं आधी मिळालेली सूचना म्हणजे जीव आणि मरण याच्यातलं अंतर होतं.

यावर शहरी वाचक लगेच म्हणणार, अहो सोपं आहे, हेलिकॉप्टरचा आवाज पक्ष्याला आधी कळतो, तो बिथरतो, बस. असेल, मलाही तसं वाटतं. पण त्याने शोना माणसाचं काही बिघडत नाही, निरोप्याला बातमी कशी कळली हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता, बातमी खरी निघाली की नाही हा होता. आणि एक गोष्ट विसरू नका, आभाळातला पक्षी वाचायचा म्हणजे सारखं आभाळाकडे बघत राहायचं, आणि जो सारखा आभाळाकडे बघतो तो विमानाखाली बेसावध सापडत नाही.

यात एक विचित्र गंमत आहे. हे लढवय्ये जिवंत चापुंगूकडे बघत ज्या सरकारविरुद्ध लढत होते त्या गोऱ्या सरकारच्या झेंड्यावरही तोच दगडी पक्षी होता. १९६८ च्या ऱ्होडेशियाच्या हिरव्या-पांढऱ्या झेंड्याच्या मधोमध जी राजमुद्रा होती तिच्या माथ्यावर हाच झिम्बाब्वे बर्ड. म्हणजे एकाच पक्ष्यासाठी दोन्ही बाजू. त्यामुळे आता मूर्तीकडे वळायलाच हवं.

ग्रेट झिम्बाब्वे. मास्विंगो शहराजवळ दगडी भिंतींचं जुनं शहर, साधारण ११ व्या ते १५ व्या शतकातलं, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांवर चिरे रचलेत, चुना नाही, गारा नाही, काही ठिकाणी भिंत ११ मीटर उंच. बांधणारे आजच्या शोना लोकांचेच पूर्वज. सोनं आणि हस्तिदंत इथून किनाऱ्यावर जायचं आणि तिकडून चिनी भांडी आणि भारतातले काचेचे मणी यायचे, ते मणी तिथल्या उत्खननात सापडलेत. इथल्या टेकडीवर आणि खालच्या दरीत मिळून संगजिऱ्याच्या दगडाचे आठ पक्षी सापडले. पक्षी स्वतः जेमतेम ४० सेंटीमीटर, पण खाली त्याच दगडात कोरलेला खांब मीटरभर उंच, म्हणजे खांबावर बसलेला पक्षी. एका खांबावर मगर वर चढताना कोरलीय.

आणि आता त्या पार्ट्यांचा प्रश्न, हुंग्वे की चापुंगू? नीट बघितलं तर या मूर्तींना चोचीच्या जागी काही ठिकाणी ओठ आहेत आणि नख्यांच्या जागी माणसासारखी पायाची बोटं. गरुडाला ओठ नसतात. ज्याने इतकी सफाईने मगर कोरली त्याला चोच कोरता येत नव्हती असं तर म्हणता येणार नाही. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की हे पक्षीही आहेत आणि गेलेले राजेही आहेत, आभाळात वर जाऊन आपल्या मुलखासाठी पाऊस मागणारे. मला हे पटतं. मग जात कुठली हा वाद पक्षीनिरीक्षकांसाठी ठीक आहे, पण मूर्तिकाराच्या डोक्यात बहुधा तो नव्हताच. तरी आज एखाद्या शोना माणसाने झेंड्याकडे बोट दाखवून "तो चापुंगू" म्हटलं तर त्याला चूक ठरवायचं कारण नाही, आणि हुंग्वे कुळाच्या माणसाने "तो आमचा हुंग्वे" म्हटलं तरीही नाही.

या मूर्तींचं पुढे जे झालं ते वाचून डोकं फिरतं. या भिंतींची बातमी युरोपला फार आधीपासून होती, १५५२ मधे एका पोर्तुगीज इतिहासकाराने चुन्याशिवाय रचलेल्या किल्ल्याबद्दल ऐकीव माहिती छापली होती. (इथे आपल्या गोव्याचा धागा आहे. १५६० मधे गोव्याहून गोन्सालो दा सिल्व्हेरा नावाचा जेझुइट पाद्री निघाला तो थेट याच शोना मुलखातल्या म्वेने मुतापा राजाच्या दरबारात पोचला, राजाला बाप्तिस्मा दिला, आणि १५६१ मधे तिथेच मारला गेला. आणि मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालायचा.) मग १८७१ ला कार्ल माउख हा जर्मन तिथे आला, दारावरच्या लाकडाची ढलपी काढून त्याने ती स्वतःच्या पेन्सिलीशी ताडून बघितली, वास सारखा, म्हणजे देवदार, म्हणजे लेबनॉन, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा महाल! काळ्या माणसांनी हे बांधलं असेल हे मान्य करण्यापेक्षा पेन्सिलीवर विश्वास ठेवणं सोपं गेलं.

१८८९ ला पोसेल्ट नावाचा शिकारी टेकडीवर चढला, त्याला पक्षी दिसले, स्थानिक लोकांनी हरकत घेतली, त्याने ब्लँकेटं आणि किडुकमिडुक देऊन सौदा केला, खांबासकट पक्षी जड म्हणून खांब तोडला आणि पक्षी नेला. तो पक्षी विकत घेतला सेसिल ऱ्होड्सने, आणि केपटाउनच्या ग्रूट स्खूर या आपल्या घरात ठेवला, घराच्या जिन्यावर त्याच्या लाकडी नकला करून बसवल्या. आणखी पक्षी १८९१ च्या खोदकामानंतर केपटाउनला गेले. एका पक्ष्याच्या खांबाचा तुकडा बर्लिनच्या म्युझियममधे पोचला, दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात गेला, परत जर्मनीत आला आणि २००३ ला झिम्बाब्वेला परतला. म्हणजे पक्षी एका खंडात आणि त्याच्या पायाखालचा खांब दुसऱ्या. इकडे १९०५ आणि १९२९ मधे पुरातत्त्ववाल्यांनी स्पष्ट सांगितलं की हे आफ्रिकी लोकांचंच काम आहे, पण ऱ्होडेशियाच्या सरकारला ते ऐकायचं नव्हतं, स्मारकं सांभाळणाऱ्या खात्यातला पीटर गार्लेक हे उघड बोलत राहिला आणि १९७० च्या आसपास त्याला देश सोडावा लागला.

१८ एप्रिल १९८० ला देश स्वतंत्र झाला, नाव घेतलं झिम्बाब्वे, दगडी घरांवरून. पुढच्याच वर्षी, १९८१ ला, दक्षिण आफ्रिकेने चार पक्षी परत केले. पण फुकट नाही. त्या बदल्यात झिम्बाब्वेच्या म्युझियममधला मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचा नावाजलेला संग्रह दक्षिण आफ्रिकेला द्यावा लागला. स्वतःच्या आजोबा-पणजोबांना घरी आणायचं आणि त्याच्या बदल्यात टाचणीला टोचलेल्या गांधीलमाश्या मोजून द्यायच्या! आणि ऱ्होड्सच्या घरातला तो पहिला पक्षी, तो त्या सौद्यात नव्हताच, तो तेव्हा तिथेच राहिला.

आज चापुंगू हे नाव झिम्बाब्वेत सगळीकडे आहे. हरारेत चापुंगू नावाचं दगडी शिल्पांचं मोठं उद्यान आहे, १९७० मधे सुरू झालेल्या गॅलरीतून वाढलेलं, शोना शिल्पकारांचं काम जगभर पोचवण्यात त्याचा बराच हात आहे. ग्वेरू शहरात चापुंगू नावाचा फुटबॉल क्लब आहे आणि तो कोणाचा आहे माहितीय का, हवाई दलाचा. एकेकाळी विमानांपासून वाचवणारा पक्षी आता विमानवाल्यांच्या टीमचं नाव.

खरा पक्षी मात्र कमी होत चाललाय. २००९ पर्यंत त्याची काळजी करावी अशी परिस्थिती कागदावर नव्हती, त्या वर्षी संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याला "धोक्याच्या जवळ" म्हणून नोंदवलं आणि २०२० मधे थेट "धोक्यात". कारण जंगलतोड आहेच, पण मोठं कारण विष. बिबट्या-तरसाने गुरं मारू नयेत म्हणून शेतकरी मांसात विष घालून ठेवतात. हत्ती मारणारे चोर वेगळ्या हिशोबाने विष घालतात, वर गिधाडं फिरायला लागली की वनरक्षकांना जागा कळते, मग गिधाडंच मारून टाकायची. २०१९ च्या जूनमधे बोट्सवानात तीन हत्तींच्या विषारी मढ्यांवर ५३७ गिधाडं मेली, सोबत दोन गरुड. आणि चापुंगूचं दुखणं असं की तो खालून उडतो, त्याला मांस सगळ्यांच्या आधी दिसतं. जे खालून, हळू, झुलत उडणं माणसाला दिसलं आणि ज्याच्यातून सगळा अर्थ निघाला, तेच त्याला विषाजवळ पहिल्यांदा घेऊन जातं. भरपाईही पटकन होत नाही, एका विणीत एकच अंडं, पिल्लू घरट्यात साधारण साडेतीन महिने, आणि मोठ्यांसारखा रंग यायला सात-आठ वर्षं.

त्यामुळे झिम्बाब्वेत तो आता जास्त करून ह्वांगे, माना पूल्स, गोनारेझोऊ अशा राखीव जंगलांत बघायला जावं लागतं. व्हिक्टोरिया फॉल्सची ट्रिप करणारे मराठी लोक आता बरेच झालेत, आणि तिथून ह्वांगे फार लांब नाही, तेव्हा गेलात तर वर बघत राहा. नर-मादी ओळखणं सोपं आहे, उडताना खालून पंखाच्या मागच्या कडेला काळा पट्टा रुंद असेल तर नर, नुसती बारीक काळी किनार असेल तर मादी. पण एक लक्षात ठेवा, ते लाल तोंड आणि ती गायब शेपूट मोठ्या पक्ष्याची. पिल्लं सगळी तपकिरी असतात, तोंड फिकट निळसर-हिरवं, शेपूट चांगली लांब, आणि दरवर्षी पिसं झडून नवी येताना ती थोडी थोडी आखूड होत जाते. तेव्हा गाइडने एखाद्या साध्या तपकिरी, शेपूटवाल्या पक्ष्याकडे बोट दाखवून "चापुंगू" म्हटलं तर तो तुम्हाला गंडवत नाहीये.